परदेशातून पगार, बडोद्यात मुक्काम: या चुका टाळा

मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये बसून टोरांटोच्या कंपनीसाठी कोड लिहिणारी मुलं-मुली आता बडोद्यात नवलाईची राहिलेली नाहीत. त्यांना भीती वाटते ती आयकराची. माझ्या मते ती जरा जास्तच आहे, कारण राहिलेला कर व्याजासकट भरून मोकळं होता येतं. पैसा भलत्या वाटेने आला, की मात्र निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

काकांच्या खात्यात पगार

ही खास आपल्याकडची चूक. रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत ज्याच्या त्याच्या घरातलं कोणी ना कोणी न्यू जर्सीला असतंच. क्लायंट म्हणतो, आम्ही फक्त अमेरिकन खात्यातच पैसे टाकतो. मग काका मदतीला धावतात: "माझ्या खात्यात घे रे, इथले डॉलर मी ठेवतो, तिथे माझ्या आईला लागतील तसे रुपये तू दे." किंवा ओळखीच्या आंगडियाकडून, म्हणजे रोकड पोहोचवणाऱ्या खासगी कुरिअरवाल्याकडून, रोख रक्कम घरपोच येते. दोघांचाही हेतू स्वच्छ असतो. पण 1999 च्या फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचं कलम 3 सांगतं, की परदेशातल्या माणसाच्या वतीने होणारं देणं अधिकृत व्यक्तीमार्फत, म्हणजे आपल्यासाठी बँकेमार्फतच, घ्यायचं. ते मोडलं तर कलम 13 प्रमाणे रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तिकडे काकांच्या नावावर भलतंच उत्पन्न दिसतं, ते वेगळंच.

असं आधीच झालं असेल तर पहिल्यांदा ती वाट बंद करा. ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवा, आणि फेमाचं काम करणाऱ्या सीएला कंपाउंडिंगबद्दल, म्हणजे चूक कबूल करून ठरावीक रक्कम भरून प्रकरण मिटवण्याबद्दल, विचारा. आयकराचे रिटर्न भरून देणाऱ्या प्रत्येकाला हे काम येतं असं नाही. पुढचे पैसे थेट तुमच्या नावावर, स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेने) मागवा. अमेरिकन खातंच हवं असेल तर तुमच्याच नावाचा तिकडचा खाते क्रमांक देऊन पैसे भारतातल्या बँकेत पोहोचवणाऱ्या सेवा आहेत. निवडण्याआधी एकच विचारा: दर पेमेंटला एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा दाखला, देता का?

"आ पैसा शेना छे?"

"हे पैसे कशाचे?" असा बँकेतून फोन आला, की घाईत बरेच जण "घरखर्चासाठी" म्हणून मोकळे होतात. पलीकडचा माणूस पी1301 हा कोड टाकतो. हा कोड अनिवासी भारतीयांनी कुटुंबाच्या चरितार्थासाठी आणि बचतीसाठी पाठवलेल्या पैशांचा. तुमची कमाई कागदोपत्री काकांची माया होऊन बसते. सॉफ्टवेअर सल्ल्याचं काम असेल तर पी0802, व्यवस्थापन सल्ल्याचं असेल तर पी1006. परदेशी कंपनीचे खरोखरच नोकर असाल तर पी1401. हा कोड म्हणजे पैसा कशाबद्दल आला याचा बँकेतला पुरावा. जीएसटीचा अधिकारी पुढे तोच बघतो.

चुकीचा कोड पडलाच तर करार, इनव्हॉइस आणि त्या व्यवहाराचा क्रमांक जोडून शाखेला लेखी दुरुस्ती मागा. लगेच मागितली तर काम सोपं असतं. दोन वर्षांनी जाल तेव्हा तुमचा फोन घेणारा माणूस बदलून गेलेला असतो.

3,000 चं बिल, 2,975 जमा

समजा तुम्ही 3,000 डॉलरचं बिल पाठवलं आणि मधल्या बँकेने 25 डॉलर कापून घेतले. उरलेल्या 2,975 ला तुमच्या बँकेने 88 चा भाव दिला, तर 2,61,800 रुपये होतात. चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी असतो, त्याचे सुमारे 326 रुपये जातात. गूगलवर दिसणारा भाव आणि बँकेने दिलेला भाव यांतला फरक कुठे लिहिलेलाच नसतो, आणि खरी झीज तिथेच होते. यावर चुकीचा उपाय म्हणजे नंतर 2,975 चं नवीन बिल बनवणं. बिल 3,000 चंच राहू द्या, कपातीचा कागद सोबत ठेवा. क्लायंटला सांगा, की पाठवताना खर्चाच्या रकान्यात "ओयूआर" निवडा, म्हणजे वाटेतला खर्च त्यांच्याकडे जातो.

डॉलर तिकडेच राहू दे, भाव वाढेल

सट्टा म्हणून ठीक, नियम म्हणून नाही. सेवेच्या मोबदल्यात हाती आलेलं परकीय चलन 7 दिवसांत बँकेला विकायचं असतं. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे तर इथल्या बँकेत ईईएफसी हे परकीय चलनातलं खातं उघडता येतं, पण त्यावर व्याज नाही. जूनमध्ये जमा झालेले आणि मंजूर खर्चाला न लागलेले डॉलर जुलैअखेर रुपयांत बदलावेच लागतात. यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टोत, मानधन घेणारे तर आणखी लांब जातात. क्रिप्टो हे परकीय चलनच नाही, त्यामुळे परदेशी क्लायंटचं असूनही ते काम जीएसटीत निर्यात ठरत नाही. त्यातल्या नफ्यावर 30 टक्के कर लागतो तो निराळाच.

जीएसटी शून्य, म्हणून नोंदणीही नको?

निर्यातीवर कर शून्य असला तरी ती उलाढालीत मोजली जाते. महिन्याला 2,000 डॉलर आणि भाव 85 धरला तरी वर्षाचे 20,40,000 होतात, म्हणजे नोंदणीची 20 लाखांची मर्यादा ओलांडली. नोंदणीनंतर दर आर्थिक वर्षी आरएफडी-11 या फॉर्ममध्ये एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याची हमी, भरायची. ती नसेल तर आधी 18 टक्के आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरा आणि मग परताव्याच्या मागे लागा. एप्रिलमध्ये विसरलात म्हणून हातपाय गाळू नका. 2018 च्या 37 क्रमांकाच्या परिपत्रकाने एलयूटी उशिरा भरली एवढ्याच कारणाने शून्य दराचा लाभ नाकारू नका असं अधिकाऱ्यांना सांगितलं आहे. जे पगारी नोकर आहेत त्यांना हे काहीच लागू नाही. नोकराने मालकाला दिलेली सेवा जीएसटीत धरतच नाहीत. म्हणून करारात "कॉन्ट्रॅक्टर" लिहिलंय की "एम्प्लॉयी", हे सही करण्याआधी वाचा.

आयकराचं थोडक्यात: जीएसटी शून्य म्हणजे आयकर माफ नव्हे. परदेशी कंपनी सहसा टीडीएस कापत नाही, त्यामुळे वर्षाचा कर 10,000 किंवा जास्त निघत असेल तर आगाऊ कर तुम्हालाच भरायचा. 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या तारखा मोबाइलवर लावून ठेवा.

पैसे निघाले, पोहोचले नाहीत

गुजरातेत एक कारण हमखास सापडतं: नाव. इथे शाळेच्या दाखल्यापासून आडनाव आधी लिहितात, बँकेतही तसंच जातं. क्लायंटच्या फॉर्ममध्ये मात्र पहिलं नाव आधी. संगणकाला ही दोन माणसं वाटतात आणि रक्कम अडकून बसते. क्लायंटला पासबुकावरचं नाव अक्षर न अक्षर कळवा. तरीही अडलं तर त्यांच्याकडून स्विफ्टच्या पेमेंट संदेशाची प्रत (नोव्हेंबर 2025 पर्यंत एमटी103, आता पॅक्स.008) मागवा आणि शाखेतल्या फॉरेक्स टेबलवर ती दाखवा. त्यात पैसे कोणत्या बँकेतून निघाले आणि कोणाच्या नावे पाठवले ते दिसतं. "आमच्याकडे काहीच आलेलं नाही" या उत्तरावर मग नुसतं परत यावं लागत नाही.