यकृताचा ताठरपणा मोजताना या चुका टाळा

वाशी, नेरूळ किंवा नौपाड्यातील तपासणी केंद्रांत फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी, करून घेणारे बहुतेक जण अहवाल हाती पडताच ‘यकृत किती कडक झाले आहे?’ असे विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण हे यंत्र कडकपणा थेट मोजत नाही. ते बरगड्यांमधल्या त्वचेवर हलका ठोका देऊन ५० हर्ट्झची लहर यकृतात पाठवते, अल्ट्रासाउंडने त्या लहरीचा वेग टिपते आणि त्यावरून किलोपास्कलमधला आकडा काढते. ऊतक जितके ताठर, तितकी लहर वेगवान. मात्र हा ताठरपणा केवळ जखमा भरताना यकृतात राहिलेल्या व्रणांमुळे येत नाही, तर साचलेले रक्त, सूज आणि तुंबलेले पित्त यांमुळेही वाढतो.

म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक जेवणाची आहे. ‘ही काही रक्ततपासणी नव्हे, मग उपाशी कशाला राहायचे?’ असे समजून माझे सासरे ठाणे स्थानकाबाहेर वडापाव आणि चहा घेऊन तपासणीला गेले, आणि तिथेही त्यांना काही खाल्ले आहे का, हे कोणी विचारले नाही. जेवणानंतर यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो व आकडा फुगतो. त्यांचाही फुगला, घर आठवडाभर काळजीत राहिले आणि उपाशीपोटी पुन्हा मोजल्यावर तो खाली आला. किमान ३ तास काही खाऊ नये, आणि चुकून खाल्ले असेल तर तसे स्पष्ट सांगून वेळ बदलून घ्यावी.

कावीळ ताजी असताना किंवा एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) सामान्य मर्यादेच्या ५ पटींहून अधिक असताना केलेले मापनही फसवे ठरते. हृदय कमजोर असेल किंवा पित्तनलिकेत अडथळा असेल, तरी तेच घडते. पोटात पाणी साचले असेल, तर ही लहर द्रवातून पुढे जात नाही.

अहवालात मुख्य आकड्याशेजारी छापलेल्या आयक्यूआरकडे सहसा कोणी पाहत नाही, याचे मला वाईट वाटते. किमान १० वैध नोंदींचा मध्यक, म्हणजे नोंदी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, हाच तो मुख्य आकडा, आणि नोंदी एकमेकींपासून किती विखुरल्या हे आयक्यूआर सांगतो. मध्यक ७.१ किलोपास्कल किंवा अधिक असून आयक्यूआर त्याच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. प्रोब, म्हणजे त्वचेवर टेकवायचा यंत्राचा भाग, तिरका धरला गेल्याने किंवा स्थूल व्यक्तीसाठी एक्सएल प्रोबऐवजी एम प्रोब वापरल्यानेही नोंदी विखुरतात अथवा मिळतच नाहीत.

त्याच कागदावरचा ‘कॅप’ हा आकडा डेसिबल प्रति मीटरमध्ये असतो व तो चरबीविषयी सांगतो. तिथे २८० वाचून यकृत निकामी झाले असे मानू नये.

काही सोनोग्राफी यंत्रे लहरीचा वेगच मीटर प्रति सेकंदात छापतात. ताठरपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १ मीटर प्रति सेकंद म्हणजे सुमारे ३ किलोपास्कल, तर २ मीटर प्रति सेकंद म्हणजे सुमारे १२. ठाण्यात एका यंत्रावर आणि सहा महिन्यांनी बेलापुरात दुसऱ्या यंत्रावर केलेली मापने शेजारी ठेवून आजार वाढला की घटला हे ठरवू नये. पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच प्रोबने करावी आणि जाताना जुना अहवाल सोबत न्यावा.