जर्मनीला जाण्याआधी जर्मन: किती, कधी आणि मराठीतून कसं

'तिकडे ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात, मग भाषा कशाला?' हा प्रश्न आयटीतली मंडळी हमखास विचारतात. ऑफिसपुरतं ते खरंही आहे. पण घरमालकाचं पत्र, विमा कंपनीचा फॉर्म, बालवाडीतली पालकसभा आणि डॉक्टरच्या रिसेप्शनवरचा फोन यांतलं काहीच ऑफिसात घडत नाही. म्हणून भाषा शिकायचीच आणि पहिला टप्पा मुंबईतच उरकायचा. तिकडे गेल्यावर पहिले सहा महिने घर शोधण्यात आणि कागदपत्रांत जातात.

आधी आपल्याला किती लागणार ते ठरवा. पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाण्यासाठी व्हिसा घेताना सहसा ए१ चं प्रमाणपत्र लागतं. जोडीदाराकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना) असेल तर ही अट नाही. नर्सिंगला जाणाऱ्यांनी बी२ धरून चालावं. डॉक्टरांना त्यावर वैद्यकीय भाषेची सी१ पातळीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. ब्लू कार्डवाल्यांसाठी हिशोब सरळ आहे: इतर अटी पूर्ण असतील तर कायम वास्तव्याचा परवाना ए१ वर 27 महिन्यांनी मिळतो, बी१ असेल तर 21 महिन्यांनी. नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षांचं वास्तव्य, बी१ आणि 33 प्रश्नांची एक चाचणी लागते. त्यातले 17 बरोबर आले की पास.

अट नसलेल्या जोडीदारानेच खरं तर आधी शिकावं, असं आमचं ठाम मत आहे. नोकरी करणाऱ्याला दिवसभर बोलायला माणसं मिळतात. घरी राहणाऱ्याला मिळतात ती दुकानदार, शेजारी आणि सरकारी कारकून, आणि त्यांच्याशी इंग्रजीत निभत नाही.

ए१ साठी साधारण 80 ते 200 तासिका लागतात, प्रत्येकी 45 मिनिटांची. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तासिका झाल्या तर दोन ते पाच महिने धरा. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये, वर्ग आणि परीक्षा दोन्ही होतात. चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. परीक्षेच्या जागा भरतात, तेव्हा व्हिसाची तारीख ठरण्याची वाट पाहत बसू नका. नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. लग्नानंतर आडनाव बदलणार असेल तर आधी पासपोर्ट, मग परीक्षा. उलट केलं की प्रमाणपत्र एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या, आणि मग खुलासे देत बसायचं.

आता मुख्य मुद्दा. आपण जर्मन इंग्रजीतून शिकतो आणि तिथेच घसरतो. व्याकरणात मराठी जर्मनला बऱ्याच ठिकाणी इंग्रजीपेक्षा जवळची पडते.

थंडी वाजते तेव्हा इंग्रजीतून आलेला विद्यार्थी 'इश बिन काल्ट' म्हणतो, म्हणजे 'मी थंड स्वभावाचा आहे'. बरोबर वाक्य 'मिअर इस्ट काल्ट'. यातला 'मिअर' म्हणजे आपला 'मला'. 'मला आवडतं' हेही 'मिअर गेफेल्ट'. शाळेतली चतुर्थी आठवा आणि पुढे चला.

'वाइल' म्हणजे 'कारण'. 'वाइल इश क्रांक बिन' याचा शब्दशः क्रम 'कारण मी आजारी आहे' असा होतो, 'आहे' शेवटी. इंग्रजीच्या चालीवर बोलणारे 'वाइल इश बिन क्रांक' म्हणतात आणि गुण जातात. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी हवं: 'हॉयटे गेहे इश', म्हणजे 'आज जातो मी'. इथे मराठी मदतीला येत नाही, हे घोकूनच बसवावं लागतं.

आकडे एकदम आपले. पंचवीस म्हणताना आपणही पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर; जर्मनमध्ये 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश'. इंग्रजीतून ऐकणारा 52 लिहून मोकळा होतो. एकोणतीसची भानगड तिकडे नाही, हा वरचा नफा.

वेळेत मात्र फसगत होते. 'हाल्प फिअर' ऐकून आपल्याला साडेचार वाटतं, कारण 'हाल्प' म्हणजे अर्धा आणि 'फिअर' म्हणजे चार. पण ते साडेतीन असतं: चौथा तास अर्धा झाला. डॉक्टरची अपॉइंटमेंट तासाभराने हुकते ती अशी. 'हाल्प ड्राय' म्हणजे अडीच, आणि गंमत म्हणजे आपला 'अडीच' हाही मुळात 'अर्धतृतीय', अर्धा तिसराच. अडीच लक्षात ठेवला की बाकीचे आपोआप सुटतात.

लिंगं दोन्हीकडे तीन आहेत, म्हणून 'डास मेडशेन', म्हणजे नपुंसकलिंगी मुलगी, आपल्याला खटकत नाही. आपणही 'ते पोरगं' म्हणतोच. पण लिंगं जुळतील असं समजू नका. 'ते टेबल' तिकडे पुल्लिंगी. वहीत नुसता शब्द कधीच लिहायचा नाही, 'डेअर' (पुल्लिंगी), 'डी' (स्त्रीलिंगी) किंवा 'डास' (नपुंसकलिंगी) लावूनच लिहायचा.

उच्चारांत 'झेड' म्हणजे 'चमचा'तला च, 'चहा'तला नव्हे. 'व्ही' बहुतेक ठिकाणी फ, 'डब्ल्यू' व. दोन टिंबांच्या 'यू'साठी ओठ 'ऊ'सारखे गोल करा आणि आतून 'ई' म्हणा. टिंबं गाळली की अर्थ बदलतो: 'शोन' म्हणजे आधीच, 'श्योन' म्हणजे सुंदर.

ए१ ची परीक्षा 100 गुणांची, पास व्हायला 60. ऐकणं सुमारे 20 मिनिटं, वाचन 25, लेखन 20 आणि गटात बोलणं 15. लेखनात 30 शब्दांचं छोटं पत्र येतं, त्यात तीन मुद्दे दिलेले असतात. एक राहिला की गुण गेले, मग बाकीचं कितीही सुबक लिहा. तोंडी परीक्षेत स्पेलिंग सांगायला लावतात, आणि आडनावातच लोक अडकतात. जर्मनमध्ये 'आय' (I) या अक्षराचा उच्चार 'ई' आणि 'ई' (E) या अक्षराचा 'ए'. त्यामुळे जोशी म्हणजे 'योट, ओ, एस, हा, ई', देसाई म्हणजे 'डे, ए, एस, आ, ई'. फोन नंबरही विचारतात. दोन्ही लोकलमध्ये उभ्याउभ्या पाठ होतात. पुढे बी१ ला चार भाग वेगवेगळे देता येतात आणि नापास झालेला भागच पुन्हा द्यायचा असतो, त्यामुळे एका दिवशी चारही उरकायचा हट्ट नको.

पोचल्यावर घरात राहायला लागल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. या दोन कामांसाठी लागणारी जर्मन वाक्यं निघण्याआधीच पाठ करून ठेवा. परदेशातून आलेल्यांसाठीच्या तिथल्या सरकारी एकात्मीकरण वर्गात 600 तासिका भाषेच्या आणि 100 देशाच्या ओळखीच्या असतात. समोरचा कळवळून इंग्रजीत शिरला तर 'डॉइच बिट्टे' ('कृपया जर्मनमध्ये') म्हणून त्याला परत आणा. अनोळखी मोठ्या माणसाला 'झी', म्हणजे आपलं 'तुम्ही'. 'डू', म्हणजे 'तू', त्याने सुचवल्याशिवाय नाही. स्टुटगार्टकडे, 1968 पासून मुंबईशी जोडलेल्या त्या शहरात, कोणी 'ड्राय-फिअर्टल फिअर' म्हटलं तर दचकू नका. पावणेचार वाजलेत.