फवारणीचं विष आणि माशांना व्हिटॅमिन : या चुका टाळा

शिवारात मारायच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. तेच औषध ओघळीतून कृषी होंड्यात, म्हणजे शेततळ्यात, उतरलं आणि कटला-रोहू गिरक्या घ्यायला लागले, की त्यावर आणखी एक औषध आणायला धावतो. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणीकडं हल्ली हमखास येते ती व्हिटॅमिन सी आणि ईची पुडी.

पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे या पुडीला उतारा समजणं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी विषं दोन वाटांनी मारतात. एक, नसांचा संदेश वेळेवर थांबवणारं असिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. मासा थरथरतो, वेडावाकडा पळतो, श्वास थांबून मरतो. ही वाट व्हिटॅमिन भरवशानं अडवू शकत नाही. दुसरी वाट सावकाश चालते. कल्ल्यांतल्या, यकृतातल्या पेशींच्या आवरणातली चरबी जुन्या शेंगदाण्यासारखी खवट होते. ई ही खवट होण्याची साखळी तोडतं आणि त्यात खर्ची पडलेल्या ईला सी पुन्हा उभं करतं. प्रयोगशाळेत, थोड्या विषात ठेवलेल्या माशांना ही जीवनसत्त्वं खाद्यातून दिली, की ही झीज कमी झालेली दिसते. म्हणजे फायदा आहे, पण हलक्या माऱ्यापुरता, आणि तोही आधीपासून चारलं तर. सायपरमेथ्रीनसारख्या विषाला मासे मारायला लिटरमागं काही मायक्रोग्रॅम पुरतात. तिथं पुडी काय करणार?

दुसरी चूक, पुडी पाण्यात ओतणं. सी पाण्यात लवकर निकामी होतं आणि गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसं पीतही नाही. बहुतेक माशांना सी अंगात तयार करता येत नाही, ते खाद्यातूनच मिळावं लागतं. कार्प जातीला (कटला, रोहू यातलेच) किलोभर खाद्यात साधारण ५० मिलिग्रॅम सी आणि १०० मिलिग्रॅम ई लागतं. नुसत्या कोंडा-पेंडीवर वाढवत असाल, तर नेहमीची ही गरज भागते का ते आधी बघा. साधं सी उष्णतेनं आणि साठवणीत उडून जातं, म्हणून फॉस्फेट रूपातलं घ्या. खाद्य शिजवलं असेल तर गार झाल्यावरच मिसळा. पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर तापलेल्या पोत्यात काय उरतं, ते न बोललेलंच बरं.

मासे वर येऊन तोंड उघडताहेत म्हणजे विषच, असंही धरून चालू नका. ढगाळ दिवसांनंतर पहाटे असं दिसलं आणि मोठे मासे आधी मेले, तर बहुधा ऑक्सिजन कमी पडलाय. फवारणी झाली, त्यावर पाऊस आला, भर दुपारी मासे उसळताहेत आणि पाण्यातले किडेही मेलेत, तर संशय विषाचा.

तसं असेल तर आधी होंड्यात येणारी ओघळ बांधा. फवारलेल्या रानापासून लांबच्या विहिरीचं पाणी सोडा, मोटारीनं उंचावरून पाडा म्हणजे हवाही मिसळेल. खाद्य बंद ठेवा. मेलेले किंवा अर्धमेले मासे घरी खाऊ नका, बाजारातही नेऊ नका; व्हिटॅमिन दिलं म्हणून मांसातलं विष निघून जात नाही.

आणि फवारणीचा पंप होंड्याच्या काठावर धुणारा गडी प्रत्येक गावात एक तरी असतोच. त्याला पुडीचे पैसे दाखवा, आणि पाण्याची घागर भरून रानाच्या मधोमध नेऊन द्या.