ट्रान्सपोर्टचं सॉफ्टवेअर परवडतं का? आधी बिल्टीबुकं काढा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या काही ट्रान्सपोर्टवाल्यांचे हिशेब मी बघते. बहुतेकांचं काम सारखंच. फाउंड्रीतलं कास्टिंग उचलायचं, चाकण, रांजणगाव नाहीतर तमिळनाडूतल्या होसूरला टाकायचं. घरच्या दहा-पंधरा गाड्या, कमी पडल्या की बाहेरच्या. हल्ली प्रत्येक ऑफिसात कुणीतरी लॅपटॉप घेऊन येतं, ट्रिपा, बिलं आणि खर्च सांभाळणारं सॉफ्टवेअर दाखवून जातं आणि मग मालक कोटेशन माझ्यापुढे सरकवतात, "मॅडम, परवडतंय का बघा जरा." कोटेशनवरून ते कळत नाही. ते आपल्याच बिल्टीबुकांतून (बिल्टी म्हणजे माल उचलल्याची पावती) कळतं, म्हणून मी आधी ती मागते.

शेवटच्या तीन महिन्यांची बुकं काढा. त्यात मार्च नको, मार्चमधलं डिस्पॅच वर्षभरासारखं नसतं. घरच्या आणि बाहेरच्या गाड्यांच्या मिळून पन्नासेक ट्रिपा निवडा आणि प्रत्येकीपुढे पाच तारखा लिहा: माल भरला कधी, खाली झाला कधी, सही-शिक्क्याची पीओडी (माल पोचल्याचा कागद) ऑफिसात आली कधी, बिल पार्टीकडे (भाडं देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे) गेलं कधी, पैसे जमा झाले कधी. एक्सेल येत नसेल तर वहीत लिहा. दोन दुपारचं काम आहे, पण सॉफ्टवेअरवाल्याच्या कुठल्याही स्लाइडपेक्षा जास्त काही सांगून जातं.

शेवटचं अंतर, म्हणजे बिल दिल्यापासून पैसे येईपर्यंतचं, उधारीचं असतं. पार्टीशी ४५ दिवस ठरले असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर त्याचे ३० करून देत नाही. पैसा दडलेला असतो मधल्या दोन अंतरांत. माल खाली होतो मंगळवारी आणि पीओडी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, परमिटच्या फाइलमध्ये पडून राहते. गाडीला चाकणहून परतीचं भाडं कोल्हापूरचं न मिळता नागपूरचं मिळालं, तर तो कागदही नागपूर बघून येतो. गंमत म्हणजे बाहेरच्या गाडीची पीओडी पुष्कळदा आधी येते, कारण त्या गाडीवाल्याचा बॅलन्स (उरलेलं भाडं) तिच्यावर अडकलेला असतो. घरच्या ड्रायव्हरचं काहीच अडकलेलं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा फोन. तो सॉफ्टवेअर कंपनीला करायचा नाही, तुमच्या मोठ्या पार्टीच्या अकाउंट्स खात्याला करायचा: "पीओडीच्या फोटोवर बिल घेता का, की मूळ कागदच लागतो?" मूळ कागदच लागत असेल, तर ड्रायव्हरने अॅपवर फोटो टाकून बिल एक दिवसही लवकर जाणार नाही. काही कंपन्यांचं स्वतःचं पोर्टल असतं आणि ट्रान्सपोर्टरने पीओडी तिथेच चढवावी लागते. मग तुमच्या सॉफ्टवेअरमधली एंट्री वेगळी, त्यांच्या पोर्टलवरची वेगळी, आणि दोन्ही करणारा क्लार्क तोच. हे उत्तर मिळेपर्यंत डेमोला बोलावूच नका.

समजा फोटो चालतो. आता आकडे धरू. हे नुसते हिशेबापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला. घरच्या बारा गाड्या, महिन्याचं बिलिंग ४० लाख. खाली झाल्यापासून बिल जाईपर्यंत सरासरी १५ दिवस जातात, ते ५ वर आले. म्हणजे १० दिवस वाचले. ४० लाख भागिले ३०, गुणिले १० म्हणजे १३ लाख ३३ हजार. एवढी रक्कम बाजारातून सुटून तुमच्याकडे आली. सॉफ्टवेअरवाला हाच आकडा लाल अक्षरात दाखवतो आणि मालक खूश होतात. पण हा नफा नव्हे. तुमचाच पैसा आहे, एकदाच सुटतो, दर महिन्याला नाही. तुमची कमाई त्यावरच्या व्याजाची. बँकेच्या सीसीला (कॅश क्रेडिट कर्जाला) १२ टक्के पडत असतील तर वर्षाला १ लाख ६० हजार. त्यातही सगळ्या पार्ट्या फोटो घेत नाहीत आणि सगळे ड्रायव्हर वेळेवर पाठवत नाहीत, म्हणून मी निम्मेच धरते, ८० हजार.

दुसरी जमेची बाजू म्हणजे बिलात घालायचं राहून गेलेलं. गाडी गेटबाहेर दोन दिवस उभी राहिली त्याचं हॉल्टिंग, पार्टीने द्यायची कबूल केलेली वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), एकाऐवजी दोन ठिकाणी माल उतरवल्याचे जादा पैसे. ड्रायव्हर फोनवर सांगतो, ऐकणारा "बरं" म्हणतो आणि बिल करताना ते कुणाच्याच लक्षात नसतं. निवडलेल्या ट्रिपांचं ड्रायव्हरचं खर्चाचं पान आणि पार्टीचं बिल शेजारी ठेवून ताडून बघा. महिन्याला चार ठिकाणी सरासरी दीड हजार बिलात राहून जात असतील, तर वर्षाचे ७२ हजार. हे पैसे सॉफ्टवेअरने खरंच मिळतात, कारण ट्रिपवर टाकलेला खर्च बिल करताना समोर येतो. अर्थात ड्रायव्हरच्या फोननंतर कुणीतरी तो टाकला पाहिजे.

डिझेल मी पहिल्या वर्षी जमेत धरतच नाही. यावर मालक नाराज होतात, कारण कोटेशनमध्ये सगळ्यात मोठा आकडा तोच असतो. गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर, अॅव्हरेज ४, लिटरला ९० रुपये धरले तर एका गाडीचं डिझेल १ लाख ३५ हजार आणि बारा गाड्यांचं १६ लाख २० हजार. त्यावर कुणी "१० टक्के वाचतील" म्हणालं की वर्षाचे जवळपास साडेएकोणीस लाख कागदावर उभे राहतात आणि बाकीचा हिशेब बघायची कुणाला गरजच वाटत नाही. सॉफ्टवेअर अॅव्हरेज दाखवतं. अॅव्हरेज का पडलं हे ड्रायव्हरला समोर बसवून विचारायचं काम मालकाचंच राहतं. टाकी फुल करून पुन्हा फुल करेपर्यंतचा हिशेब जो आज वहीत ठेवत नाही, तो उद्या स्क्रीनवर बघेल असं मला तरी वाटत नाही.

इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी संपण्याची आठवण यासाठीही वेगळे पैसे मोजू नका, मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ते फुकट होतं. ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं, मात्र तसं नाही. नेहमीच्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. होसूर इथून साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे चार दिवस. हुबळीच्या पुढे गाडी बिघडून दोन दिवस गेले की मुदत काठावर येते, आणि वाढवून घ्यायची ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच. ही वेळ रात्री दोनची असू शकते. मुदत संपायला आली की आपोआप इशारा देणारी सोय कामाची आहे. पण तिची किंमत मी रुपयांत मांडत नाही. गाडी अडकली तर काय होतं ते प्रत्येक मालकाला ठाऊक आहे.

आता खर्च. गाडीमागे महिना ६०० रुपये सांगितले, तर बारा गाड्यांचे वर्षाला ८६,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १५,५५२. इथे थांबा. तुमच्या भाड्यावरचा जीएसटी पार्टी रिव्हर्स चार्जने (तुमच्याऐवजी थेट सरकारला) भरत असेल किंवा तुम्ही क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) न घेता ५ टक्के लावत असाल, तर हा १८ टक्के परत मिळत नाही, तो खर्चच. क्रेडिट हवं तर भाड्यावर १८ टक्के लावावे लागतात (२२ सप्टेंबर २०२५ च्या आधी ते १२ होते), आणि एका सॉफ्टवेअरसाठी कुणी तो मार्ग धरत नाही. म्हणजे वर्षाचे १,०१,९५२. शिवाय सुरुवातीला सेटअप आणि ट्रेनिंगचे ४० हजार म्हणाले तर जीएसटीसह ४७,२००.

कोटेशनमध्ये नसतो तो खर्च माणसाचा. पहिले तीन महिने रजिस्टरही चालू ठेवावं लागतं आणि सॉफ्टवेअरही. अर्धवेळ मुलगा किंवा मुलगी ठेवली, महिना ८ हजार, तर २४ हजार. पहिल्या वर्षाची बेरीज १,७३,१५२. समोर जमा ८० अधिक ७२, म्हणजे १ लाख ५२ हजार. पहिल्या वर्षी २१ हजारांचा तोटा, दुसऱ्या वर्षी जमा तेवढीच राहिली तर ५० हजार हातात. ह्यात श्रीमंत कुणी होत नाही, पण घ्यायला हरकत नाही. पाच-सहा गाड्या आणि दोनच पार्ट्या असतील तर मी सरळ एक्सेल आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर भागवायला सांगते.

दर विचारताना एक गोष्ट पक्की करा. पैसे गाडीमागे आहेत की बिल्टीमागे? बाहेरच्या गाड्या धरतात का? जीपीएसचं रिचार्ज, मेसेज, ई-वे बिलाची जोडणी, जादा युजर यांचे पैसे त्यातच आहेत का? बिल्टीमागे दर असला तर मार्चचं बिल बघून डोळे फिरतात.

डेमोत त्यांचं उदाहरण बघू नका, तुमची सगळ्यात त्रासाची ट्रिप द्या. गाडी वाटेत बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला: बिल्टी तीच राहते का, दोन्ही गाड्यांचा खर्च तिच्यावर पडतो का? रांजणगावला अर्धा माल आणि चाकणला अर्धा. दोन पेट्या रिजेक्ट होऊन परत आल्या. बाहेरच्या गाडीला रोख अॅडव्हान्स, डिझेल आपल्या पंपावरून, बॅलन्स पीओडीवर, आणि मालकाच्या दहा किंवा कमी गाड्या असल्याचं घोषणापत्र पॅनसह आलंय म्हणून टीडीएस कापायचा नाही. हे त्यांना तुमच्यासमोर भरून दाखवायला लावा, आणि टायपिंग तुमच्या क्लार्कला करू द्या. "हे आम्ही पुढच्या व्हर्जनमध्ये देतोय" असं उत्तर आलं तर ते नाही असंच धरायचं.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका. सूट सोडा, तीन महिन्यांचे भरा, आणि फोटो स्वीकारणाऱ्या एकाच पार्टीच्या ट्रिपा त्यात घाला. ड्रायव्हरशी साधं ठरवा: पीओडीचा फोटो आला की दुसऱ्या दिवशी खर्चीचा (वाटखर्चाचा) हिशेब चुकता. बाहेरच्या गाडीवाल्याला जे बॅलन्समुळे सुचतं, ते घरच्यालाही सुचायला लागतं. तीन महिन्यांनी पाच तारखांचा तोच कागद पुन्हा भरा. मधली अंतरं कमी झाली नसतील तर नूतनीकरण करू नका.

आणि बंद करताना डेटा कसा मिळणार ते आधीच लेखी घ्या, एक्सेलमध्ये, पीओडीच्या फोटोंसकट. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात.