राजवाड्याची गोष्ट लिहायची तर आधी दारं मोजा

काल्पनिक राज्य उभं करायला बसलात की नद्यांना आणि डोंगरांना नावं देत बसू नका. राज्य जगतं कशावर, ते आधी ठरवा. मी बेळगावकडच्या खानापूरची, घाट आमच्या पाठीशीच. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची, वरून धान्य आणि गूळ खाली जायचा. म्हणून माझं राज्य घाटमाथ्यावर आहे आणि जकातीचा नाका ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात ते राज्य. एवढं ठरलं की राजकन्येचं लग्न हा मिठाचा प्रश्न होतो. किनाऱ्याकडच्या राजाला मुलगी दिली तर नाका जातो, नाही दिली तर मीठ अडतं. कारस्थानाला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

मग वाडा. माझ्याकडे लिहायला शिकणाऱ्या मुलींना मी बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला पाठवते. तिथं वाड्याचे नुसते अवशेष आहेत, पण चौथऱ्यावरून फिरलं की कळतं: न्हाणीघर इथं, मुदपाकखाना तिथं, पाणी या बाजूनं यायचं, आणि ध्रुवतारा बघायची ती जागा. वहीत आराखडा काढा. देवडीवर कोण बसतं? दिंडी दरवाजाची किल्ली रात्री कोणाच्या कमरेला असते? राणीचं ताट मुदपाकखान्यातून निघालं की किती हातांतून जातं? त्यातला प्रत्येक हात विष घालू शकतो आणि चिठ्ठीही पोचवू शकतो. प्रेम आणि कट एकाच दारातून ये-जा करतात, ही माझ्या मते दरबारी गोष्टीची खरी गंमत. दाई, हुजऱ्या, पाणक्या, मशालजी यांना नावं द्या, गरजा द्या. त्यांना सजावट म्हणून उभं केलंत तर राजकन्येची भेट नुसती बागेत होईल, आणि बागेतल्या भेटीत कोणाचं काही अडकत नाही.

गोष्टीचा पीळ वारसात ठेवा. कित्तूरचंच बघा. १८२४ मध्ये तिथले राजे शिवलिंगरुद्रसर्ज वारले, आणि दत्तक कंपनी सरकारनं मानलं नाही. त्यावरून ऑक्टोबरात लढाई पेटली, कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला, आणि चन्नम्मा राणी बैलहोंगलच्या कैदेतच १८२९ साली वारल्या. एका दत्तकानं एवढं घडवलं! हीच माणसं उचलून गोष्टीत घालू नका, त्यांचा मान ठेवा. कागद खरा की खोटा या प्रश्नाचं वजन मात्र जरूर घ्या.

जादू एकच ठेवा आणि ती याच प्रश्नाला जोडा. माझ्या राज्यात शिक्क्याची लाख विस्तवानं वितळत नाही, राजघराण्याचं रक्त असलेल्या बोटाखालीच वितळते. युवराज दत्तक आहे, हे फक्त राणीला आणि राजकन्येला ठाऊक. रात्री तातडीचा खलिता निघायचा आहे. तरुण चिटणीस कागद वाळूनं टिपून पुढं ठेवतो. युवराज अंगठा दाबतो, लाख खड्यासारखी कडक. पडद्याआडून राजकन्या बाहेर येते, भावाचा हात अलगद बाजूला करते, स्वतःचा अंगठा ठेवते. लाख पाघळून कागदावर पसरते.

“चिटणीस, तुम्ही काय पाहिलंत?”

“मी कागद टिपत होतो, बाईसाहेब.”

एवढंच लिहा. ‘काळजाचा ठोका चुकला’ वगैरे नको. त्याच्या बोटांना लागलेली वाळू दाखवा, दौतीचं झाकण बसता बसत नाही ते दाखवा. आता त्याच्या हातात राज्य बुडवण्याएवढं गुपित आहे आणि तिनं ते त्याच्या हाती राहू दिलंय. यापुढं तो जवळ आला तर ती विचारणारच, हा माझ्यासाठी आला की गुपिताची किंमत मागायला? हा संशय लवकर फेडू नका. निदान अर्धी गोष्ट त्यावर चालली पाहिजे.

खलनायकाबद्दल थोडक्यात. दिवाणाला दुष्ट करू नका. नाका गेला तर घाटातली गावं उपाशी मरतील, असं त्याला मनापासून वाटू द्या. त्याचा हिशेब बरोबर असला की वाचकाची झोप उडते.

शेवटी भाषा. दरबारात सगळ्यांना एकसारखं जड मराठी बोलायला लावू नका. सदरेवर ‘आज्ञा व्हावी’ शोभतं, पण माजघरात दाईला आमच्या बेळगावकडचं बोलू दे: “ताट तसंच हाय की गे. जेव, खरं आधी त्या पोराला निरोप धाड. देवडीवरचा माणूस बदललाय.” इथं ‘खरं’ म्हणजे पण, हे सीमाभागातल्या वाचकाला सांगावं लागत नाही, आणि बाकीच्यांना वाक्यावरून कळतं. राजकन्या चिटणिसाला ‘तुम्ही’च म्हणते, चारचौघांत आणि एकांतातही. ज्या दिवशी भर दरबारात तिच्या तोंडून ‘तू’ निसटेल, त्या दिवशी दिवाणाला सगळं समजेल. ते प्रकरण आधी लिहून ठेवा आणि बाकीची गोष्ट तिथवर नेत राहा.