समपातळीत आणलेल्या पिकअपसाठी मोठे ऑल-टेरेन टायर निवडताना

अमेरिकेतील फोर्ड एफ-१५० सारखे पिकअप मागे भार घेतल्यावर सरळ बसावेत म्हणून पुढून थोडे खाली ठेवलेले असतात, आणि अनेक मालक पुढे सुमारे दोन इंचांचे लेव्हलिंग किट बसवून ही उतरण काढतात. मोठ्या ऑल-टेरेन, म्हणजे पक्क्या रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवरही चालणाऱ्या, टायरचा विचार त्यानंतर सुरू होतो.

मूळ टायर २७५/६५ आर१८ (रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १८ इंच) असेल, तर त्याचा व्यास सुमारे ८१५ मिलिमीटर भरतो. २७५/७० आर१८ घेतल्यास तो ८४२ होतो. जमिनीपासूनची उंची मात्र या वाढीच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटरने वाढते. स्पीडोमीटर ६० मैल दाखवील तेव्हा खरा वेग सुमारे ६२ असेल, म्हणून तो नव्याने जुळवून घ्यावा.

किटमुळे उभ्या गाडीत चाकाभोवती मोकळी जागा दिसते, पण तिच्यावर विसंबू नये. खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबले गेले आणि स्टिअरिंग टोकापर्यंत वळलेले असले, की टायर आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला घासू शकतो. रुंदी तीच ठेवून उंची वाढवणे म्हणूनच मला अधिक शहाणपणाचे वाटते. रिम बाहेर काढणारे स्पेसर लावल्यास घासण्याचा धोका बहुधा वाढतोच.

जड ट्रेलर ओढायचा नसेल, तर 'एलटी' (लाइट ट्रक, म्हणजे जड भारासाठीच्या) वर्गाचे कडक, वजनदार टायर कशाला? ते घेतलेच, तर तेवढ्याच भारासाठी हवा जास्त भरावी लागते. बर्फाळ प्रदेशात टायरवर तीन शिखरे व हिमकणाचे, म्हणजे तो बर्फासाठी योग्य असल्याचे, चिन्ह पाहावे. किट बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करूनच नवे टायर चालवावेत.