होलोग्राफिक स्टोरेजला ऑप्टिकल एन्क्रिप्शनचं कुलूप लावताना

होलोग्राफिक स्टोरेजमध्ये डेटाचं अख्खं पेज, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र, लेसरने होलोग्राम म्हणून लिहितात. असा डेटा लिहिला की तो आपोआप सेफ होतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं अजिबात नाहीये. बरोबर वेव्हलेंथचा रेफरन्स बीम (लिहिताना डेटाच्या बीमसोबत टाकलेला दुसरा लेसर बीम) बरोबर अँगलने टाकला की अख्खं पेज कॅमेऱ्यावर उमटतं, आणि अँगल काय, कोणीही थोडा थोडा फिरवत शोधून काढेल.

आधी डेटा एईएस-२५६ या सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनने एन्क्रिप्ट करा, मोड जीसीएम (यात डेटा बदलला नाही ना हे तपासणारा एक टॅगही मिळतो), आणि एरर करेक्शन, म्हणजे चुकलेले बिट दुरुस्त करणारा कोड, त्याच्यानंतर लावा. हा क्रम उलटा करू नका. कॅमेऱ्यावरून वाचलेल्या पेजमध्ये थोडे बिट चुकतातच, ते आधी दुरुस्त झाले नाहीत तर जीसीएमचा टॅग जुळतच नाही.

आता लाईटचा भाग. १९९५ मध्ये रेफ्रेजिए आणि जाविदी यांनी डबल रँडम फेज एन्कोडिंग मांडलं, तेच वापरायचं. पेज दाखवणाऱ्या एसएलएमला (लाईट पिक्सेल-पिक्सेलने बदलणारी छोटी स्क्रीन) लागून एक रँडम फेज मास्क, म्हणजे लाईटच्या लहरी जागोजागी रँडम मागेपुढे करणारा पडदा, मग लेन्स, लेन्सच्या फोरियर प्लेनवर (लेन्सच्या फोकसच्या जागी) दुसरा मास्क, मग परत लेन्स, आणि जे बाहेर येतं ते निव्वळ नॉईजसारखं दिसतं, तेच रेफरन्स बीमसोबत क्रिस्टलमध्ये लिहायचं. वाचताना फेज-कॉन्जुगेट बीम, म्हणजे रेफरन्स बीमचाच उलट्या दिशेने जाणारा जुळा, टाकला की लाईट उलट्या वाटेने त्याच मास्कमधून जातो आणि पेज साफ दिसतं. कॅमेरा फक्त इंटेन्सिटी (उजेड किती) बघतो, फेज नाही, त्यामुळे पहिला मास्क वाचताना लागतच नाही, म्हणजे खरी किल्ली दुसरा मास्क!

आणि म्हणूनच कळकळीने सांगतो, एकच मास्क सगळ्या पेजेसना वापरू नका. ही पद्धत लिनियर आहे, म्हणजे गणिताने सरळ उलटी सोडवता येण्यासारखी, काही पेजेसचा मूळ मजकूर माहीत असला की मास्क काढता येतो, हे २००५-०६ च्या सुमारासच रिसर्च पेपर्समध्ये दाखवून झालंय. घासलेल्या काचेचा मास्क नको, तो बदलता येत नाही आणि फुटला तर डेटा गेलाच. मास्कसाठी फेज बदलणारा एसएलएम घ्या आणि ३२ बाइटचा सीड (ज्यावरून रँडम आकडे बनतात तो गुप्त आकडा) अधिक पेज नंबर यावरून दर पेजला नवा मास्क बनवा, सीड मात्र एईएसच्या किल्लीपेक्षा वेगळा.

क्रिस्टलऐवजी फोटोपॉलिमर (लाईटने बदलणारं प्लास्टिक) वापरलं तर ते एकदाच लिहिता येतं, म्हणून आधी कोपऱ्यात टेस्ट पेज लिहा. वाचताना मास्क दोन-तीन पिक्सेल सरकवला की स्क्रीनवर नुसता नॉईज दिसला पाहिजे, जागेवर आणला की पेज. माझं एकदा सीड बरोबर असूनही दोन दिवस काहीच दिसेना, शेवटी लेन्सच्या माउंटचा स्क्रू ढिला निघाला. तेव्हापासून मास्कची अलाइनमेंट रीडिंग्ज सीडसोबतच दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतो, डिस्कजवळ कधीच नाही.